तारखेला भरणारं दुकान

जुन्या पुस्तकांच्या आणि तबकड्यांच्या दुकानांवर लिहायला बसलेला मराठी लेखक मुंबई-पुण्याबाहेर सहसा पडत नाही. फ्लोरा फाउंटनचा पदपथ, माटुंग्याचं किंग्ज सर्कल, चोरबाजारातली मटन स्ट्रीट, पुण्याचा अप्पा बळवंत चौक आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार एवढी नावं घेतली की त्याचा नकाशा संपतो. या नकाशात महाड नाही आणि पोलादपूर तर नाहीच. दोन्ही गावं मुंबई-गोवा महामार्गावर आहेत. महाडला औद्योगिक वसाहत आहे, महाविद्यालय आहे, जवळ लोणेऱ्याला तंत्रशास्त्राचं विद्यापीठ आहे. तरीही केवळ जुन्या पुस्तकांवर चालणारं, नाव घ्यावं असं दुकान इथे उभं राहिलेलं नाही. तबकड्यांचं तर विचारूच नये. वह्या-गाइडं-पेनांचं दुकान आणि त्याच्या एका कोपऱ्यात स्तोत्रं, पंचांग, थोडी शिवचरित्रं, एवढ्यावर बाजारपेठ भागते.

यावरून ‘तिकडे वाचतंय कोण?’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी एकच विचारतो, वीस मार्चला कधी महाडला आलायत का? इथलं पुस्तकांचं दुकान पत्त्यावर शोधलं तर सापडत नाही. ते तारखेला भरतं. वर्षातल्या ठरावीक दिवशी रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या अंथरल्या जातात, बाहेरगावचे विक्रेते टेम्पोतून पोती उतरवतात आणि दोन दिवसांत पुन्हा सगळं गुंडाळून निघून जातात. मुंबईच्या दुकानाची शिस्त वेगळी, याची वेगळी. पण आढावा घ्यायचाच तर या दुकानालाही त्यात जागा द्यायला हवी, आणि ती तळटीपेत नको.

सगळ्यांत मोठं दुकान चवदार तळ्याचं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, पण पाण्याला हात लावायची सोय प्रत्यक्षात झाली नाही. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकरांनी हजारोंसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायलं. तेव्हापासून या दिवसाला महाडात माणसांची रीघ लागते, आणि माणसांबरोबर पुस्तकं येतात. तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या दुतर्फा मांडामांड असते. फुल्यांची ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, भारताचं संविधान, खैरमोड्यांच्या बहुखंडी चरित्राचे सुटे खंड, आणि दहा-वीस रुपयांच्या पातळ पुस्तिका. या पुस्तिकांचा गठ्ठा सगळ्यांत आधी संपतो. पाच-सहा जणांचं कुटुंब येतं, भाकरी सोडण्याआधी पुस्तकं बघतं आणि पिशवीत दोन-तीन पुस्तिका पडल्याशिवाय परतत नाही. अशी खरेदी मी दादरच्या एकाही वातानुकूलित दुकानात पाहिलेली नाही.

पुस्तिकेची ही सवय महाडच्या मातीत जुनी आहे. इथून जवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. त्यांची ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका १८८८ सालची, म्हणजे चवदार तळ्याच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधीची. महाडच्या परिषदेसाठी धडपडणारे रामचंद्र बाबाजी मोरे हे लाडवलीचे. जाड ग्रंथ परवडत नाही आणि त्याची वाट बघायला वेळ नाही अशा माणसांनी छोटा छापील कागद हातोहात फिरवायचा, ही पद्धत या चळवळीने पाडली. आजची दहा रुपयांची पुस्तिका त्याच घराण्यातली.

खुद्द बाबासाहेब जुन्या पुस्तकांचे गिऱ्हाईक होते, हे या गर्दीत फारसं कुणी सांगत नाही. न्यूयॉर्कला विद्यार्थी असताना त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तकं जमवल्याचं त्यांच्या चरित्रांत येतं. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचं सामान ज्या बोटीत होतं ती युद्धात बुडवली गेली आणि पुस्तकं समुद्रात गेली. भरपाई म्हणून टॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये मिळाले, आणि हातात दुसरा पैसा नसल्यामुळे ते तेव्हा उपयोगी पडले. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं ते पुस्तकांची सोय डोळ्यांपुढे ठेवूनच. शिष्यवृत्तीतून पोटाला चिमटा काढून जुनी पुस्तकं घेणारा हा माणूस ज्या गावात इतिहास घडवून गेला, त्या गावात जुन्या पुस्तकांचा एक कायमचा कट्टा नसावा, ही मला खटकणारी गोष्ट आहे. तिचा दोष कुणा एकाचा नाही, कारणं पुढे येतील.

वीस मार्चच्या दुकानातला माल बहुतेक नवा असतो. जुनं पुस्तक तिथे अपवादाने दिसतं, आणि दिसलं तर ते नेमकं हवं ते असतं. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर लेखन आणि भाषणे’ ही शासनाची खंडमाला १९७९ साली वसंत मून यांच्या संपादनाखाली सुरू झाली. हे खंड स्वस्त आहेत, म्हणून मागणी मोठी आणि छपाई कायम मागे. २०२१ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने छपाई रखडल्याच्या वृत्ताची स्वतःहून दखल घेतली होती, यावरून टंचाईची कल्पना यावी. त्यामुळे एखाद्या विक्रेत्याच्या मागच्या खोक्यात बंद झालेला खंड निघाला तर किंमत करत बसू नये. पुण्याच्या ‘सुगावा’सारख्या, विलास वाघ आणि उषा वाघ यांनी चालवलेल्या प्रकाशनाची पुस्तकं अशा ताडपत्र्यांवरूनच राज्यभर पोचली. मोठ्या दुकानांच्या काचेत त्यांना क्वचित जागा मिळे. स्वतंत्र प्रकाशक आणि स्वतंत्र विक्रेता ही भाषा हल्ली साहित्य महोत्सवांत ऐकू येते. महाडच्या रस्त्यावर हे दोघं कितीतरी आधीपासून भेटतात.

दुसरी तारीख २५ डिसेंबर. १९२७ साली याच दिवशी महाडात मनुस्मृती जाळली गेली. ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता आणि परिषदेला जागा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली होती. आज तिथे क्रांतिस्तंभ आहे. डिसेंबरची गर्दी मार्चपेक्षा कमी, त्यामुळे विक्रेत्याशी बोलायला सवड मिळते. स्त्रियांच्या प्रश्नावरची पुस्तकं या दिवशी जास्त मांडलेली दिसतात, कारण अनेक संघटना हा दिवस स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. ज्याला निवांत निवडायचं आहे त्याने मार्चऐवजी डिसेंबर धरावा, हा माझा सल्ला.

तिसरं दुकान रायगडाच्या पायथ्याला भरतं. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. तारीख आणि तिथी असे दोन्ही सोहळे होतात, त्यामुळे जूनमध्ये पाचाड आणि महाड दोनदा फुलतात. इथला वाचक वेगळा आहे: तरुण, बहुतेक पुणे-सातारा-कोल्हापूरकडचा, पाठीवर सॅक, हातात भगवा झेंडा. त्याला ‘श्रीमान योगी’, ‘छावा’, बखरींच्या आवृत्त्या आणि किल्ल्यांची माहिती देणारी प्र. के. घाणेकरांची पुस्तकं हवी असतात. गो. नी. दांडेकरांचं ‘दुर्गभ्रमणगाथा’ विचारणारा भेटला की विक्रेत्याच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू येतं, म्हणजे हा नुसता फोटो काढायला आलेला नाही.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. रस्त्यावर कोरं करकरीत ‘छावा’ किंवा ‘मृत्युंजय’ निम्म्याहून कमी किमतीत मिळालं तर ते जुनं नसतं, बहुधा चोरून छापलेलं असतं. ओळखणं अवघड नाही. मुखपृष्ठाची छपाई किंचित धूसर असते, कागद इतका पातळ की मागच्या पानाची अक्षरं दिसतात, मधली एखादी पानं तिरकी कापलेली असतात आणि कण्याचा डिंक पहिल्याच वाचनात सुटतो. जुन्या पुस्तकाला वास असतो, कुणाची तरी सही असते, वाचनालयाचा शिक्का असतो. चोरीच्या पुस्तकाला यातलं काहीच नसतं. जुनं पुस्तक घेतल्यावर लेखकाला पैसे मिळत नाहीत हे खरं, पण पहिल्या विक्रीत त्याचं मानधन झालेलं असतं. चोरीच्या प्रतीत तेही नाही. स्वस्ताईच्या नावाखाली या दोन्हींना एका पारड्यात टाकणं मला मान्य नाही.

पुन्हा मांडण्यांकडे. शिवथरघळ महाड तालुक्यातच, वरंध घाटाच्या कुशीत. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी उतरवून घेतला अशी परंपरा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ही घळ शोधून काढली. दासनवमीला आणि एरवीही येणाऱ्या भक्ताला इथे दासबोध आणि मनाचे श्लोक हवे असतात. या मालात आश्चर्य काही नाही. पोलादपुराची गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. शिवरायांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे. त्यांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याचं हस्तलिखित सापडलं ते मात्र दूर तंजावरला. स. म. दिवेकरांनी ते संपादून पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे १९२७ मध्ये प्रसिद्ध केलं. कवी सावित्रीच्या खोऱ्यात, ग्रंथ कावेरीच्या खोऱ्यात. हस्तलिखितं टिकवायला तंजावरला सरस्वती महाल होता. इथे काय होतं? पाऊस होता.

पावसावरून कारणांकडे वळतो, कारण दुकान का नाही या प्रश्नाचं अर्धं उत्तर आभाळात आहे. दोन्ही तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर कागदाला बुरशी, पुठ्ठ्याला ओल, कपाटाला वाळवी आणि उरलेल्याला कसर. त्यात महाड सावित्री आणि गांधारीच्या संगमावर वसलेलं. २२ जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठेतले तळमजले पाण्यात गेले. याच पावसात तळिये गावावर दरड कोसळली. पुराच्या गावात व्यापारी माल माळ्यावर चढवायला शिकलेला असतो. भांडी धुऊन विकता येतात, भिजलेलं कापड सेलमध्ये काढता येतं, भिजलेलं पुस्तक मात्र लगद्याच्या भावानेही कुणी घेत नाही. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने, १८६४ पासूनच्या संस्थेने, हा अनुभव २००५ आणि २०२१ असा दोनदा घेतला. संस्थेमागे गाव उभं राहतं. जुन्या पुस्तकांच्या दुकानदारामागे कोण उभं राहणार? विम्याचा हप्ता भरण्याइतकी विक्री तरी हवी ना.

विक्रीचं गणितही बघून घेऊ. २०११ च्या जनगणनेत महाड शहराची लोकसंख्या तीस हजारांच्या आत होती, पोलादपूर तर नगरपंचायतीचं गाव. पण लोकसंख्येपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे जुन्या पुस्तकांचा साठा. मराठी ललित पुस्तकाची आवृत्ती वर्षानुवर्षं हजार प्रतींची निघत आली, आणि आता पाचशेचीही निघते. त्यातला मोठा वाटा ग्रंथालयांत जातो, शिक्का बसतो आणि तिथेच राहतो. म्हणजे घरोघरी जाऊन वापरलेलं मराठी पुस्तक गोळा करायचं म्हटलं तरी मुळात घरांत गेलेल्या प्रती थोड्या. इंग्रजी पुस्तकांचा जुना बाजार परदेशातून कंटेनरने आलेल्या मालावर चालतो. मराठीला असा परदेश नाही. मराठी जुन्या पुस्तकाचे झरे दोनच: वाचणारा माणूस गेल्यावर रिकामं होणारं त्याचं कपाट आणि ग्रंथालयांनी निर्लेखित केलेल्या प्रती. आमच्याकडे दोन्ही झरे थेट रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. किलोच्या भावात वर्तमानपत्र, जुनं दप्तर आणि ‘ययाती’ यांत फरक नसतो.

शाळेच्या पुस्तकांनी पूर्वी हा धंदा तगवला होता. जूनमध्ये वरच्या इयत्तेत गेलेला मुलगा आपली पुस्तकं निम्म्या किमतीत खालच्याला देई, आणि वह्यांचा दुकानदार मधे थोडं कमिशन ठेवी. पुढे पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं शासन मोफत देऊ लागलं. गरिबाच्या घरचा खर्च वाचला, हे चांगलंच झालं. पण जुनं पुस्तक घेणं-देणं ही मुलांची पहिली शिकवणीही त्याबरोबर गेली. २०२३-२४ मध्ये पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं घातली गेली, तेव्हा तर असं पुस्तक दुसऱ्याच्या कामाचं राहायची शक्यताच उरली नव्हती. आता नववीपासून पुढची गाइडं, बारावीचे प्रश्नसंच आणि स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तकं तेवढी हातबदल होतात. तलाठी किंवा पोलीस भरतीचं जुनं पुस्तक एका मुलाकडून दुसऱ्याकडे व्हॉट्सअॅपच्या गटातून जातं. दुकान त्यात लागतच नाही.

एस. टी. स्थानकावरचा बुकस्टॉल हा एक उरलेला धागा. पोलादपूरच्या स्थानकावर मुंबई-रत्नागिरी गाड्या थांबत, चहा-वड्यासोबत वर्तमानपत्र, कालनिर्णय आणि पॉकेटबुक घेतलं जाई. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचा खरा वाचक अशाच थांब्यांवर होता. आता कशेडीचा बोगदा झाला, घाट सुटला, गाड्यांना पोचायची घाई आली आणि प्रवाशाच्या हातात मोबाइल आला. दिवाळी अंक मात्र अजून चिवट आहे. १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही प्रथा. अंकाच्या किमती वाढल्या तशी वर्गणी भरून पाळीपाळीने अंक वाचण्याची योजना गावोगावच्या वाचनालयांनी चालवली. तुळशीचं लग्न लागलं की उरलेले अंक निम्म्या किमतीत निघतात. मराठीतला हा सगळ्यांत नियमित जुना बाजार आहे आणि त्याची दखल कुणी घेत नाही.

आता गाण्याकडे. मुंबईत चाळीसच्या दशकापासूनचं ऱ्हिदम हाऊस २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झालं तेव्हा भरभरून लिहिलं गेलं. पुण्यात कर्वे रस्त्यावरचं अलूरकर म्युझिक हाऊस शास्त्रीय गायनाच्या कॅसेटी स्वतः काढत असे. तेही गेलं. पुस्तकांत काळबादेवीचं १९०५ पासूनचं न्यू अँड सेकंडहँड बुकशॉप २०११ मध्ये, पुण्याच्या कॅम्पातलं मॅनीज २०१२ मध्ये, शानभागांनी १९४८ मध्ये उघडलेलं स्ट्रँड २०१८ मध्ये मिटलं.  अमेरिकेत २०२२ साली तबकड्यांची विक्री सीडींच्या पुढे गेली, १९८७ नंतर पहिल्यांदा. मुंबईतही थोडी नवी दुकानं त्या लाटेवर उभी राहिली. पण दोन-तीन हजारांची तबकडी आणि तिला साजेसा प्लेयर हा नव्या श्रीमंतीचा छंद आहे. त्याला जुन्या रेकॉर्डच्या दुकानांचं पुनरुज्जीवन म्हणायला मी तयार नाही.

इकडे तबकडीचा काळ फारसा आलाच नाही. इथे आली ती थेट कॅसेट. एचएमव्हीची सद्दी मोडून टी-सीरीज आणि व्हीनस यांनी ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त केली, तेव्हा गिरणीत कामाला असलेला चाकरमानी गणपतीला गावी येताना टेपरेकॉर्डर आणि चार कॅसेटी आणू लागला. त्या चारांत एक हमखास प्रल्हाद शिंद्यांची असे. याच आवाजात विठ्ठलाची गाणी पोलादपूरच्या वारकरी घरात वाजत आणि याच आवाजात भीमगीतं महाडच्या बौद्धवाडीत. वस्त्या वेगळ्या, पाणवठ्यांचा इतिहास असा जळता, आणि टेपमधला गळा मात्र एकच. वामनदादा कर्डकांची गाणी, विठ्ठल उमपांचा पोवाडा, आनंद-मिलिंद शिंद्यांची धमाल, सगळं चवदार तळ्याच्या ताडपत्रीवर एकाच वेळी विकलं गेलं. पुढे कॅसेटची सीडी झाली, सीडीचं मेमरी कार्ड झालं. आता तिथे गाणी आधीच भरलेला पेनड्राइव्ह मिळतो, किंवा तोही नाही. गाडीवरचा स्पीकर फोनला जोडला की झालं.

खरं स्वतंत्र संगीत या भागात कुठलं म्हणाल तर शक्ती-तुऱ्याचं. रत्नागिरीपासून महाड-पोलादपूरपर्यंत पसरलेली ही जाखडीची परंपरा. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहतात, गण होतो, गौळण होते, मग सवाल-जवाबाची पदं. पदं शाहीर स्वतः रचतो, गुरूचं नाव शेवटी घेतो आणि आपली वही सहजासहजी कुणाला दाखवत नाही. या पदांची छापील पुस्तकं जवळजवळ नाहीत. कॅसेटच्या दिवसांत मुंबईतल्या मंडळांनी पदरमोड करून ध्वनिमुद्रणं केली. त्या कॅसेटी ना एखाद्या कंपनीच्या यादीत, ना कुठल्या संग्रहालयात. माळ्यावरच्या खोक्यात रीळ चिकटून पडलेली ही मुद्रणं माझ्या मते या भागातला सगळ्यांत मौल्यवान जुना माल आहे. नव्या शाहिरांनी यूट्यूब जवळ केलं आणि सुपाऱ्या वाढल्या. जुन्यांचा आवाज मात्र ओलीने खाऊन टाकला. शहरात तबकडी शोधणाऱ्या हौशी मंडळींनी एकदा गणपतीत पोलादपूरच्या वाड्यांवर जाऊन कॅसेटी मागाव्यात. विकत नाही मिळाल्या तर उतरवून घ्याव्यात.

शाहिरांच्या वह्यांसारखंच भजनाच्या पुस्तकांचं. हरिनाम सप्ताहाला गावात मांडणी येते: तुळशीच्या माळा, गोपीचंदन, टाळ, आणि हरिपाठ, भजनी मालिका, गाथा. ही पुस्तकं झिजेपर्यंत वापरली जातात. त्यांना दुसरा मालक मिळतो तो नातू. जुन्या बाजारात ती दिसत नाहीत, कारण विकायच्या अवस्थेत उरतच नाहीत. पुस्तकाचं याहून चांगलं कुठे होत असेल असं मला वाटत नाही.

मग पोलादपूर-महाडात पुस्तकांचं गाव करता येईल का, असा प्रश्न अधूनमधून निघतो. निघण्याचं कारण शेजारी आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, आणि पुढे पाचगणीजवळ भिलार. शासनाने ४ मे २०१७ ला तिथे घराघरांत पुस्तकं ठेवून पुस्तकांचं गाव सुरू केलं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय वरून आली, पण उलटी होऊन आली. हे-ऑन-वाय विक्रीवर उभं आहे. रिचर्ड बूथने साठच्या दशकात तिथे जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं, रिकाम्या इमारती पुस्तकांनी भरल्या आणि १ एप्रिल १९७७ ला स्वतःला त्या गावचा राजा जाहीर करून जगभरच्या वर्तमानपत्रांत नाव आणलं. भिलारला पुस्तक बसून वाचायचं, विकत न्यायचं नाही. पर्यटक अर्धा तास चाळतो, फोटो काढतो, स्ट्रॉबेरी घेतो आणि निघतो. वाचनासाठी उपक्रम म्हणून तो चांगला आहे, पण पुस्तकांचा बाजार त्याने उभा राहत नाही. महाडने त्याची नक्कल करू नये.

नक्कल करायचीच तर डोंबिवलीची करावी. तिथल्या पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तक आदानप्रदान महोत्सव भरवले. आपली वाचून झालेली पुस्तकं द्यायची आणि त्या बदल्यात तिथली दुसरी घ्यायची. दुकान लागत नाही, माळा लागत नाही, पुराची भीती नाही, आणि महाड-पोलादपूरची कितीतरी कुटुंबं डोंबिवली-कल्याणात राहत असल्याने अनुभवही घरचाच. महाडला लोक तारखेला येतातच. त्या तारखांना नव्या पुस्तकांच्या ताडपत्र्यांशेजारी जुन्याची एक ताडपत्री अंथरली, की जे दुकान वर्षभर चालवणं शक्य नाही ते तीन दिवस उत्तम चालेल. स्थानिक वाचनालयांनी निर्लेखित पुस्तकं रद्दीत न घालता त्या दिवसासाठी राखून ठेवावीत. महाविद्यालयाच्या मुलांनी शिक्के, सह्या, अर्पणपत्रिका बघून त्यांची यादी करावी. शक्ती-तुऱ्याच्या मंडळांनी आपल्या जुन्या कॅसेटींचं डिजिटल रूप करून त्याच मांडणीवर ऐकवावं. यातल्या कशालाही शासनाची योजना लागत नाही.

२० मार्च २०२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होत आहेत. त्या दिवशी गर्दी नेहमीच्या कितीतरी पट असेल, तेव्हा निवांत बघायचं असेल तर १९ च्या संध्याकाळी या, सुटे पैसे आणा, आणि येताना वाचून झालेली दोन पुस्तकं पिशवीत घाला.